जागतिक धोरण आणि कोपऱ्यावरचा बाक

‘गुडघे दुखतात, म्हणून फिरणे सोडले,’ असे अनेक ज्येष्ठ मला सांगतात. थोडे खोलात विचारले की कारण निराळे निघते. वाटेत टेकायला जागा नसते आणि रस्ता ओलांडून होण्याआधीच सिग्नल बदलतो. मग माणूस घरात बसतो, पायांतील बळ ओसरते आणि तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. या दुखण्यावरचा अर्धा उपाय औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. तो नगरपालिकेच्या हाती असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने हाच विचार २००७ साली ‘ज्येष्ठस्नेही शहरां’च्या मार्गदर्शिकेत मांडला. जगातील ३३ शहरांतील ज्येष्ठांशी व त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलून ती सिद्ध झाली. त्यांत आपली दिल्ली आणि उदयपूरही होती. मोकळ्या जागा, वाहतूक, निवास, आरोग्यसेवा अशी एकूण आठ क्षेत्रे तीत आहेत. मात्र ती कायदा नव्हे. आरंभ कोठून करायचा, हे प्रत्येक शहराने स्वतः ठरवायचे असते.

संघटनेच्या ज्येष्ठस्नेही शहरांच्या जाळ्यात २०१० साली न्यूयॉर्क सर्वप्रथम सामील झाले. ज्येष्ठांचे अपघात जेथे अधिक होतात ते भाग निवडून तेथील वाहतूक विभागाने सिग्नलचा अवधी वाढवला आणि पुढे ठिकठिकाणी बाक बसवले. इंग्लंडमधील मँचेस्टरने ज्येष्ठांचेच एक मंडळ नेमून त्यांना निर्णयात सहभागी करून घेतले. मार्गदर्शिका एकच, पण प्रत्येक शहराने तिचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणे लावला.

काही सेकंदांचे मोल किती, ते पाहा. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस १२ मीटर रुंदीचा रस्ता १० सेकंदांत ओलांडतो. हाच वेग ०.८ मीटर असेल, तर १५ सेकंद लागतात. ते पाच सेकंद ज्याला मिळत नाहीत, तो उद्या घराबाहेर पडत नाही.

म्हणून आपणही एक करावे. घरातील ज्येष्ठांसोबत त्यांच्या नेहमीच्या वाटेने एकदा सावकाश चालावे. ते कोठे थकतात, कोठे अडखळतात आणि सिग्नल किती सेकंद मिळतो, हे टिपून ठेवावे आणि शेजारच्या चार ज्येष्ठांच्या सह्यांसह प्रभाग कार्यालयात लेखी द्यावे. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये. जागतिक धोरण आपल्या गल्लीत पोहोचले की नाही, हे अखेर त्या कोपऱ्यावरच्या बाकावरूनच कळते.