वीतभर काडीची सुन्नत

मदिनेत मुहंमद पैगंबर पत्नी हजरत आयेशांच्या खोलीत शेवटच्या आजारात त्यांना टेकून पडले होते. आयेशांचे भाऊ अब्दुर्रहमान भेटायला आले, तेव्हा त्यांच्या हातात दात घासायची काडी होती. पैगंबरांची नजर त्या काडीवर गेली, पण बोलायचं त्राण उरलं नव्हतं. हवी का, असं आयेशांनी विचारलं आणि त्यांनी मानेनंच होकार दिला. कडक असलेली ती काडी आयेशांनी स्वतः चावून मऊ केली. पैगंबरांनी दात घासले आणि थोड्याच वेळात त्यांचं देहावसान झालं. इसवी सन ६३२ची ही हकिकत ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात आहे. शेवटच्या घटकेला आपली आणि पैगंबरांची लाळ एक झाली, ही अल्लाहची आपल्यावरची कृपा, असं आयेशा पुढे सांगत.

अरबीत या काडीला ‘सिवाक’ किंवा ‘मिस्वाक’ म्हणतात. आपल्याकडच्या मुसलमान घरांत ‘मिस्वाक’ हाच शब्द रुळला आहे. इस्लामच्या प्रसाराबरोबर आणि अरब व्यापाऱ्यांबरोबर तो इतका लांब गेला की पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत प्लास्टिकच्या टूथब्रशलाही आज ‘म्स्वाकी’च म्हणतात.

लोकांना जाच होईल अशी भीती नसती, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिस्वाक करण्याची मी आज्ञाच केली असती, या आशयाचं पैगंबरांचं वचन प्रसिद्ध आहे. आज्ञा केली नाही, म्हणून मिस्वाक फर्ज (सक्तीचं कर्तव्य) नाही, सुन्नत (पैगंबरांचा पाठ) आहे. न करणारा दोषी ठरत नाही, करणाऱ्याला पुण्य लागतं. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, नमाजाला उभं राहताना, झोपेतून उठल्यावर, घरात पाऊल टाकताना, तोंडाला वास येऊ लागला की मिस्वाक करावी, असं सांगितलं आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, हेही त्याच धोरणातलं. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आपल्या तोंडाचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मिस्वाकीचं खरं बळ झाडाच्या औषधी गुणापेक्षा या वेळापत्रकात आहे, असं माझं मत आहे. ‘दात स्वच्छ ठेवा’ हा उपदेश कानावरून जातो. पण पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत नमाजाच्या पाच वेळांना बांधलेली सवय अंगवळणी पडते. वजूत तीनदा चूळ भरायची असतेच, त्यामुळे मिस्वाक राहिली तरी तोंड धुतलं जातं.

रोजाच्या, म्हणजे उपवासाच्या दिवसांत मात्र एक बारीक मतभेद आहे. उपाशी तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय असतो, असं हदीसमध्ये आहे. त्यामुळे शाफई पंथात दुपार कलल्यावर मिस्वाक न करणं बरं मानतात. हनफी पंथात दिवसभर मुभा आहे. कोकणी मुसलमान परंपरेनं शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे आपल्याच राज्यात रमजानच्या दुपारी हा फरक पाहायला मिळतो.

काडी केवढी असावी? परंपरा सांगते, करंगळीएवढी जाड आणि एक वीत लांब. सुश्रुतसंहितेतलं दातवणाचं मापही पाहा. करंगळीएवढी जाडी आणि बारा अंगुळं लांबी. बारा अंगुळं म्हणजे एक वीतच! कुणी कुणाकडून घेतलं हे शोधायचं कारण नाही. माणसाची मूठ आणि तोंड सगळीकडे सारखंच, म्हणून मापही जुळलं असावं. आपण कडुनिंब, बाभूळ, करंज निवडले. अरबांनी ‘अराक’ निवडला, तो नसेल तर जैतुनाची फांदी.

अराक म्हणजे आपला पिलू. खारवट, रेताड जमिनीत वाढणारं हे झाड अरबस्तानापासून सिंध, राजस्थान, गुजरातपर्यंत आढळतं. ते मोहरी-मुळ्याच्याच गणातलं आहे. पपईचं बी दाताखाली आलं की झणका येतो, तो ज्या द्रव्याचा, तेच बेन्झिल आयसोथायोसायनेट पिलूच्या मुळात असतं. हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जंतूंवर ते जोरदार काम करतं, असं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रयोगशाळेत दाखवलं. त्याआधी, १९८०च्या दशकात, जिथे ही चाल आहे तिथे मिस्वाकीला उत्तेजन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं होतं. २००० सालच्या मुखस्वच्छतेवरच्या आंतरराष्ट्रीय सहमती अहवालानं मात्र आणखी अभ्यास हवा, असं नोंदवलं.

सौदीत १५ पुरुषांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नीट शिकवून वापरलेली मिस्वाक दातांवरचा चिकट थर काढण्यात ब्रशपेक्षा सरस ठरली. माणसं थोडी होती, हे विसरू नये. ‘नीट शिकवून’ हे शब्दही विसरू नयेत. काडीचे तंतू तिच्याच दिशेनं सरळ असतात, त्यामुळे दाढांच्या आतल्या बाजूला ती सहज पोहोचत नाही. जोर लावून आडवी घासली तर हिरड्या मागे सरतात. पेस्टइतकं फ्लोराइडही तिच्यात नसतं. म्हणून निदान रात्री झोपताना ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट आणि दिवसभर मिस्वाक, हा मेळ मला योग्य वाटतो. ‘मेसवाक’ नावाची पेस्ट आणली म्हणजे काडीचं काम झालं, असं समजू नका. काडीचे तंतू ट्यूबमध्ये येत नाहीत.

दात घासायला म्हणून आपल्याकडे, विशेषतः खेड्यांतल्या बायका, तंबाखू भाजून केलेली मशेरीही दातांना लावतात. तिनं दात स्वच्छ होत नाहीत. तंबाखूचं व्यसन जडतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरातल्या आजीच्या, काकूच्या हातातली मशेरीची डबी सुटत नसेल, तर तिथे पिलूची किंवा कडुनिंबाची काडी ठेवून पाहा.

मिस्वाक घेताना ताजी, वाकवली तर न मोडणारी घ्या. टोकाची पेरभर साल सोला, पाण्यात भिजवा, चावून कुंचला करा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हातानं फिरवा. तिखट चव गेली की ते टोक कापून टाका आणि पुढची साल सोला.