इसे : दर वीस वर्षांनी नवे होणारे देवालय

जपानच्या मिए प्रांतातील इसे हे क्षेत्र शिंतो परंपरेत, म्हणजे पर्वत, वृक्ष, नद्या आणि पूर्वज यांच्यातील दैवी शक्तींना ‘कामी’ मानून भजणाऱ्या जपानच्या मूळ धर्मपरंपरेत, सर्वश्रेष्ठ मानले जाते. येथील ‘जिंगू’ हे एकच देऊळ नसून लहानमोठ्या १२५ देवस्थानांचा समूह आहे. त्यात सूर्यदेवता अमातेरासू हिचे ‘नाइकू’ आणि अन्नदेवता तोयोउके हिचे ‘गेकू’ ही दोन देवालये प्रमुख होत. जपानचे राजघराणे आपला वंश अमातेरासूपासून सांगत आल्यामुळे नाइकूमध्ये ठेवलेल्या पवित्र आरशाला देशात असाधारण मान आहे.

प्राचीन क्षेत्री गेलेल्या प्रवाशाची नजर साहजिकच झिजलेल्या पायऱ्या आणि शेवाळलेले दगड शोधू लागते; परंतु इसेचे मुख्य देवालय कधीच वीस वर्षांहून फारसे जुने नसते. ‘शिकिनेन सेंगू’ या विधीनुसार दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत तसेच्या तसे नवे देवालय उभारून देवतेला तेथे नेतात आणि नंतर जुने उतरवून घेतात. पहिले सेंगू इ. स. ६९० मध्ये सम्राज्ञी जितो हिच्या कारकिर्दीत झाले, तर बासष्टावे २०१३ मध्ये पार पडले. देवता नव्या घरी जाते ती रात्री, दिवे मालवलेल्या अंधारात. पुजारी तिचे प्रतीक पांढऱ्या रेशमी वस्त्राच्या आडोशाने नेतात.

देवालयाची रचना अत्यंत साधी आहे. हिनोकी या सुगंधी जपानी सुरूच्या लाकडाचे रंग न दिलेले खांब, जमिनीपासून उंच उचललेली तक्तपोशी, जाड गवताचे छप्पर, आढ्यावर आडवे ठेवलेले गोल ओंडके आणि दोन्ही टोकांना आकाशाकडे फाकलेल्या फळ्या, एवढाच तिचा पसारा. हे ओंडके नाइकूवर दहा तर गेकूवर नऊ असतात. खांब दगडी बैठकीवर न ठेवता थेट जमिनीत पुरलेले असल्यामुळे ते ओलाव्याने कुजणारच, हे उघड आहे. जपानी सुतारांना टिकाऊ बांधकाम ठाऊक नव्हते असे मात्र नाही. नारानजीकच्या होर्यूजी या बौद्ध विहारातील, दगडी बैठकीवर खांब असलेल्या लाकडी वास्तू तेराशे वर्षे उभ्या आहेत. इसेने टिकाऊपणाचा तो मार्ग समोर असताना नाकारला आणि वास्तूऐवजी ती बांधण्याची विद्या टिकवली, हेच या क्षेत्राचे खरे वैभव म्हटले पाहिजे.

एका सेंगूची तयारी सुमारे आठ वर्षे चालते. दहा हजारांहून अधिक हिनोकी वृक्ष लागतात. ते पुढेही मिळावेत म्हणून देवस्थानाने १९२० च्या दशकात स्वतःच्या वनात दोनशे वर्षांची लागवड योजना हाती घेतली आणि २०१३ मध्ये जवळपास चतुर्थांश लाकूड त्याच वनातून आले. वस्त्रे, तलवारी, आरसे, खोगिरे अशा देवतेच्या १,५७६ वस्तूही जुन्या पद्धतीने नव्याने घडवल्या जातात. विशीत शिकाऊ म्हणून हाताखाली राबलेला सुतार चाळिशीत स्वतः काम पाहतो आणि साठीत पुढच्यांना मार्गदर्शन करतो, त्यामुळे विद्या हातोहात पुढे सरकते.

उतरवलेले लाकूड वाया जात नाही. नाइकूकडे जाताना इसुझू नदीवरचा उजी पूल ओलांडावा लागतो. त्याच्या दोन टोकांच्या ‘तोरी’, म्हणजे देवभूमीची सीमा दाखवणाऱ्या कमानी, दोन्ही देवालयांच्या आढ्याला आधार देणाऱ्या जुन्या खांबांपासून केलेल्या असतात. तेथे वीस वर्षे काढल्यावर हेच लाकूड सेकी आणि कुवाना या जुन्या यात्रामार्गावरील ठिकाणी जाऊन पुन्हा कमान म्हणून उभे राहते.

ही परंपरा अखंड नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास सेंगू होऊ शकले नाही. १९४९ चे सेंगूही युद्धातील पराभवामुळे लांबणीवर पडले आणि सरकारी आश्रय संपल्याने १९५३ मध्ये लोकांच्या देणग्यांतून झाले. मात्र निदान पूल तरी नवा व्हावा या लोकेच्छेनुसार उजी पूल १९४९ मध्येच बांधला गेला, आणि तेव्हापासून तो सेंगूच्या चार वर्षे आधी नवा होतो. खंड पडूनही पुन्हा उभी राहिलेली प्रथा कधीच न खंडलेल्या प्रथेपेक्षा समाजाच्या निष्ठेविषयी अधिक सांगते.

भारतीय वाचकाला येथे पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर आठवेल. तेथे अधिक आषाढाच्या वर्षी काष्ठमूर्ती बदलतात व मंदिर तेच राहते. इसेत देवतेचे प्रतीक तेच राहून मंदिर बदलते.

इसेच्या नित्योपचारांतही जुने सोडून नवे करण्याचा हाच भाव दिसतो. गेकूमध्ये दररोज सकाळी व संध्याकाळी देवतांना भात, मासे, समुद्रशेवाळ, भाज्या, फळे, मीठ, पाणी आणि साके हे तांदळाचे मद्य यांचा नैवेद्य दाखवतात. तो शिजवण्यासाठीचा अग्नी लाकडावर लाकूड घुसळून काढतात, म्हणजे आपल्या यज्ञातील अरणीमंथनाचीच ही रीत. नैवेद्याची मातीची भांडी एकदाच वापरून मातीला परत देतात. जवळच्या फुतामी किनाऱ्यावर ‘मेओतो इवा’, म्हणजे पतिपत्नी मानलेले दोन खडक, गवताच्या जाड दोराने जोडलेले आहेत. समुद्राच्या माऱ्याने झिजणारा तो दोर वर्षातून तीनदा बदलतात. उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास सूर्य त्या खडकांच्या मधून उगवतो.

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या कार्यक्रमात तोक्यो, फुजी आणि क्योतो ठरलेली असतात. इसेला मात्र क्वचितच जागा मिळते. नागोयाहून रेल्वेने दीड तासात तेथे पोहोचता येते. मुख्य देवालय अनेक कुंपणांआड असल्याने सामान्य यात्रिकाला केवळ छप्पर दिसते आणि दाराशी छायाचित्रण वर्ज्य आहे, तरीही एक पूर्ण दिवस इसेसाठी राखावा. रिवाजाप्रमाणे आधी गेकू व मग नाइकू पाहावे आणि देवालयाशेजारच्या मोकळ्या जागेजवळ आवर्जून थांबावे. त्रेसष्टाव्या सेंगूचे विधी २०२५ मध्ये सुरू झाले असून २०३३ मध्ये देवालय त्याच जागी उभे असेल.