यादीतलं शेवटचं नाव

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा साखळी हंगाम १६२ सामन्यांचा. तो सप्टेंबरअखेर संपतो आणि बाद फेरी सुरू होते. तिथे प्रत्येक संघाला २६ जणांची यादी द्यावी लागते, दर टप्प्याआधी ती बदलताही येते. पहिल्या वीस-बावीस नावांवर फारसं कुणी भांडत नाही. भांडण असतं ते तळाच्या तीन-चार जागांवरून. आणखी एक पिचर घ्यायचा, की केवळ धावण्यात तरबेज असा गडी, की तिसरा कॅचर? पाठोपाठ दुसरा वाद येतो: यंदाचा संघ जुन्या अमुक संघाच्या तोडीचा आहे का? लोक हे दोन वाद वेगळे घालतात. मला तो एकच वाद वाटतो. संघाची उंची मोजायची तर फूटपट्टी यादीच्या तळाशी टेकवावी लागते.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला याचं कारण एका नियमातून कळेल. बेसबॉलमध्ये बदली खेळाडू केव्हाही आणता येतो, पण जो बाहेर गेला तो त्या सामन्यात परत येत नाही. आणि बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटत नाही; नऊ इनिंगमध्ये निकाल लागला नाही तर दहावी, अकरावी, लागेल तोवर. प्रत्येक बदलाबरोबर शिल्लक माणसांतला एक जण कमी होतो.

२००४ सालचं बॉस्टन रेड सॉक्सचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. यादी तेव्हा २५ जणांची होती. डेव्ह रॉबर्ट्सला त्यांनी ३१ जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी घेतलं, तेही त्याच्या वेगासाठी. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेत बॉस्टन ०-३ असं मागे पडलेलं. चौथा सामना, नववी इनिंग, एका धावेची पिछाडी, समोर मारियानो रिव्हेरा. केविन मिलारला चार बाहेरच्या चेंडूंवर पहिला बेस मिळाला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स येऊन उभा राहिला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठणार, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. रिव्हेराने त्याला रोखायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग बॅटरकडे पहिला चेंडू टाकला, त्या क्षणी रॉबर्ट्स सुटला आणि झेप घेऊन पोहोचला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरीची धाव, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा होमरन. बॉस्टनने पुढचे तिन्ही सामने जिंकले, मग सेंट लुईस कार्डिनल्सला ४-० हरवून १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, घेतली. त्या चार सामन्यांत रॉबर्ट्स एकदाही खेळला नाही, आणि डिसेंबरात संघाने त्याला सॅन दिएगोला देऊनही टाकलं. पण त्याची ती धाव वगळून २००४ चा इतिहास लिहिताच येत नाही.

जुन्या संघांशी तुलना करताना बहुतेक जण साखळीतले विजय पुढे करतात. ती मोजणी फसवी आहे. १९०६ साली शिकागो कब्जनी ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज हरले. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी तेवढेच जिंकले, त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोहोचता आलं नाही. बेब रूथने ६० होमरन मारले त्या १९२७ च्या यांकीजना साखळीनंतर फक्त चार सामने जिंकायचे होते, आणि तेवढे त्यांनी सलग जिंकले. २०२५ च्या लॉस एंजेलिस डॉजर्सना विजेतेपदासाठी १३ विजय लागले, चार वेगवेगळ्या संघांविरुद्ध. वाटा इतक्या निराळ्या असताना नुसते आकडे शेजारी मांडून काय कळणार?

माझ्या लेखी १९९८ चे यांकीज अजून सर्वांत वर आहेत. साखळीत ११४ विजय, पुढे १३ पैकी ११. पण तिथेही शेन स्पेन्सरला विसरू नये. शेवटच्या महिन्यात चमकलेल्या या नवख्याने टेक्सस रेंजर्सविरुद्धच्या मालिकेत दोन होमरन मारले.

तोच डेव्ह रॉबर्ट्स २०१६ पासून डॉजर्सचा मॅनेजर आहे. शेवटचं नाव आता तो लिहितो, हे मला फार हृद्य वाटतं. २०२२ मध्ये त्याच्या संघाने १११ सामने जिंकले आणि ८९ विजयांच्या सॅन दिएगोपुढे पहिल्याच मालिकेत हात टेकले. २०२५ ला विजय फक्त ९३, राखीव पिचरांची फळी कच्ची, आणि टीका योग्यच होती. वर्ल्ड सिरीजच्या यादीत आयत्या वेळी विल क्लाइन हे अनोळखी नाव आलं. २७ ऑक्टोबरला टोरोंटोविरुद्धचा तिसरा सामना १८ इनिंग चालला. एकेक पिचर संपत गेला आणि उरला क्लाइन. त्याने चार इनिंग आणि ७२ चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. मग डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने सामना मिटला. डॉजर्सच्या याच मैदानावर २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्येही १८ इनिंगचा सामना झाला होता. तेव्हा बॉस्टनच्या नेथन इओव्हाल्डीने राखीव म्हणून येऊन ९७ चेंडू टाकले आणि तो हरला. पण बाकीचे पिचर त्याने वाचवले, नि बॉस्टनने पुढचे दोन्ही सामने जिंकून मालिका नेली. २०१८ चा बॉस्टन की २०२५ चे डॉजर्स, असं कुणी विचारलं तर मी आधी या दोन माणसांकडे बोट दाखवीन.

२०२५ च्या त्याच वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात डॉजर्स नवव्या इनिंगमध्ये ३-४ असे मागे होते. बरोबरीचा होमरन मारला ३६ वर्षांच्या मिगेल रोहासने. पहिल्या पाच सामन्यांत सुरुवातीच्या संघात त्याला जागा नव्हती. मग टोरोंटोने तिन्ही बेस भरले आणि रॉबर्ट्सने अँडी पाहेसला मधल्या सीमेवर पाठवलं. त्या महिनाभरात पाहेसची बॅट पार गप्प होती, संघातली जागाही गेली होती. रोहासने घरच्या बेसवर धावपटू बाद केला. पुढचा फटका उंच आणि खोल गेला. पाहेस पाठीमागे धावत सुटला, झेलासाठी आलेल्या किके हर्नांडेसच्या अंगावरून उडाला. हर्नांडेस गवतावर कोसळला, चेंडू पाहेसच्या ग्लव्हमध्ये होता. दोन इनिंगनंतर डॉजर्स ५-४ ने जिंकले.