छत्रीशिवाय बोलोन्या

इटलीत दिवस कलला की माणसं नीटनेटके कपडे करून बाहेर पडतात. कुठे जायचं नसतं, काही आणायचं नसतं. गावातल्या ठरलेल्या रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, पुन्हा चालायचं, आणि ओळखीचं कुणी भेटलं की तिथेच उभ्या उभ्या गप्पा मारायच्या. या फेरफटक्याला ते ‘पासेज्जाता’ म्हणतात. व्हेनिस-फ्लोरेन्सची वर्णनं मराठीत उदंड झाली. पण निव्वळ चालण्याच्या सुखासाठी मी बोलोन्याचं नाव घेईन. तिथे भर पावसात किंवा ऑगस्टच्या उकाड्यातही ही फेरी चुकत नाही, आणि त्याचं श्रेय तिथल्या हवेला नाही. १२८८ सालच्या एका नगरकायद्याला आहे.

बोलोन्याचं विद्यापीठ आपलं जन्मसाल १०८८ सांगतं. पुढच्या शतकात कायदा शिकायला युरोपभरातून विद्यार्थी आले आणि तटबंदीतल्या गावात राहायला जागा पुरेना. घरमालकांनी सोपा मार्ग काढला. वरच्या मजल्याच्या तुळया रस्त्यावर पुढे काढायच्या आणि त्यांच्यावर एक खोली चढवायची. खोल्या वाढल्या, तुळया वाकू लागल्या, तेव्हा खालून खांबांचा टेकू आला. आता प्रश्न असा की खांबांच्या आतली जमीन कुणाची?

रस्त्यावर झुकलेली अशी बांधकामं मध्ययुगात पुष्कळ शहरांत होती आणि अनेक ठिकाणी ती नगरसत्तेने काढायला लावली. बोलोन्याने उलटी चाल खेळली. नवं घर बांधायचं तर खाली कमानींचा सोपा, म्हणजे ‘पोर्तिको’, सोडलाच पाहिजे, असं बंधन घातलं. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, ये-जा मात्र सगळ्या गावाची. बदल्यात डोक्यावरची खोली त्याची. मला हा व्यवहार फार हुशारीचा वाटतो. नगराने एक नाणंही न खर्चता पदपथ मिळवला आणि मालकाला भाडं मिळालं. उंचीही ठरवून दिली होती: किमान ७ बोलोन्या फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर. घोड्यावर बसलेला माणूस डोकं न आपटता जावा, हा हिशेब. हा स्थानिक फूट केवढा, याबद्दल वाद नको म्हणून नगरभवनाच्या, पालात्झो द’अक्कुर्सियोच्या भिंतीवर मापं दगडात कोरून ठेवली होती. ती आजही तिथे आहेत.

(मुंबईकराला यात अगदीच नवल वाटायचं कारण नाही. दादाभाई नौरोजी मार्गावर, तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, इमारतींच्या तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानी हव्यात असा नियम १८९६ मध्ये झाला. त्या कमानींखाली आज चालायला किती जागा उरते, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आज बोलोन्यातल्या पोर्तिकोंची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते आणि तिचा मोठा भाग जुन्या गावातच आहे. युनेस्कोने २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. आरंभीचे खांब लाकडी होते. १५६८ मध्ये पोपच्या राज्यपालाने ते काढून दगडाविटांचे खांब घालण्याचा हुकूम काढला. त्यातून सुटलेलं कासा इझोलानी हे तेराव्या शतकातलं घर स्त्रादा माज्योरे रस्त्यावर उभं आहे. त्याच्या उंच ओक खांबांखाली थांबून मान वर केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

फेरीची सरळ वाट म्हणजे विया देल’इंदिपेंदेन्झा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे स्थानक आणि मुख्य चौक जोडायला हा रस्ता काढला, तेव्हाही कमानी वगळल्या नाहीत. शनिवार-रविवारी मधला रस्ता गाड्यांना बंद असतो, पण गंमत अशी की बरीच माणसं मोकळा रस्ता सोडून कमानींखालूनच चालतात. पायांखाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला दुकानांचे दिवे, दुसऱ्या बाजूला खांबांआडून दिसणारी वर्दळ. इथे पाऊल आपोआप सावकाश पडतं.

रस्ता संपतो तिथे जांबोलोन्याने घडवलेला ब्राँझचा नेपच्यून कारंज्यावर उभा आहे. त्याच्या शेजारच्या भिंतीवर फासिस्ट-नाझी सत्तेविरुद्ध लढताना मेलेल्यांचे फोटो ओळीने लावले आहेत. २१ एप्रिल १९४५ ला शहर मुक्त झालं, त्याच्या आधी याच भिंतीशी माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हातात आइस्क्रीम घेतलेली पोरं तिथून जातात आणि एखादा आजोबा बोट दाखवून काहीतरी सांगत असतो. कुणाला हे विसंगत वाटत नाही.

पुढे पियात्झा माज्योरे. १३९० मध्ये सुरू झालेलं सान पेत्रोनियोचं मंदिर दर्शनी भागात अजून अर्धंच संगमरवरी आहे. वरची वीट उघडीच राहिली. चौकाच्या मधला उंच चौथरा आडवा ओलांडला तर पदवी मिळत नाही, अशी विद्यार्थ्यांची समजूत असल्याने ते कडेकडेने वळसा घालतात. शेजारच्या पोदेस्ता वाड्याखालच्या कमानीत एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. तिथे भिंतीकडे तोंड करून उभी असलेली माणसं पाहून नवख्याला वाटावं, यांना शिक्षा झाली आहे.

उन्हाळ्यात याच चौकात पडदा लागतो. बोलोन्याची चित्रपट संस्था, चिनेतेका, रात्री फुकट सिनेमे दाखवते आणि फिरायला आलेला अख्खा गाव खुर्च्यांवर बसतो. जून २०२५ मध्ये जुन्या चित्रपटांच्या महोत्सवात इथल्या पडद्यावर ‘शोले’ झळकला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने दुरुस्त झालेली ही प्रत होती आणि शेवट मूळचा होता: ठाकूर गब्बरला मारतो तो. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला हा शेवट पन्नास वर्षांनी एका इटालियन चौकात मोठ्या पडद्यावर दिसला!

ज्यांचे पाय थकलेले नाहीत ते सारागोत्झा वेशीकडे वळतात. तिथून टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत ६६६ कमानींचा, जवळजवळ ३.८ किलोमीटरचा पोर्तिको चढत जातो. दरवर्षी मे महिन्यात मरियमची तसबीर मिरवणुकीने गावात येते, ती भिजू नये म्हणून १६७४ मध्ये हे काम सुरू झालं. पैसा मठांनी, धंदेवाल्यांच्या संघांनी, घराण्यांनी आणि सामान्य लोकांनीही दिला. १६७७ मध्ये तर लोकांनी टेकडीवर रांग लावून बांधकामाचं सामान हातोहात वर चढवलं. संध्याकाळी या वाटेवर भाविकांपेक्षा धावणारेच जास्त भेटतात. आणि ही सवय जुन्या गावापुरतीही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला बार्का या उपनगरात वास्तुकार ज्युसेप्पे वाक्कारोने सरकारी घरांची एक लांबलचक वळणदार इमारत बांधली. लोक तिला ‘आगगाडी’ म्हणतात. तिच्याखालीही पोर्तिको आहे, तोही युनेस्कोच्या यादीत.

सगळं गोड नाही. चौकालगतच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत पूर्वी मासळी, भाजी, चीज विकणारे होते; आता बऱ्याच दुकानांपुढे पर्यटकांची टेबलं आली आहेत, ताटात गुलाबी मोर्तादेल्ला सॉसेज आणि हातात वाइनचा ग्लास. टेबलं पसरली की चालणारा अंग चोरतो. खोल्या पर्यटकांना दिवसावर भाड्याने जातात आणि विद्यार्थ्यांना पुन्हा जागा मिळत नाही. १२८८ च्या कायद्याने वरच्या खोलीच्या मोबदल्यात खालची वाट घेतली होती. त्या खोलीत कोण राहावं, हे मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

इकडे बोलोन्याच्या निवृत्त काकांची करमणूक चालू आहे. हात पाठीमागे बांधून कुठल्याही खोदकामापाशी उभं राहायचं आणि कामगारांचं कसं चुकतंय ते एकमेकांना सांगायचं, ही त्यांची पासेज्जाता. शहराने त्यांना ‘उमारेल’ असं नावच दिलं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांना मोठं घबाड मिळालंय. गावातल्या शेजारशेजारच्या दोन मनोऱ्यांपैकी बुटका, ४८ मीटरचा गारिसेंदा, ज्याच्या झुकण्याचा उल्लेख दान्तेच्या महाकाव्यात आहे, तो धोकादायक ठरल्याने त्याच्याभोवती कुंपण पडलं. पिसाचा मनोरा सावरताना वापरलेली सामग्री इथे आणायचं ठरलं. काम काही वर्षांचं आहे. कुंपणाशी उभं राहायला जागा पकडायची तर जरा लवकर निघावं लागतं.