ब्रेकची थरथर : निदान व दुरुस्ती

लक्षण : ब्रेक दाबताच स्टीअरिंग थरथरल्यास कसूर बहुधा पुढच्या चाकांत, आसन हादरल्यास मागच्या. ब्रेकविनाही कंप राहिला, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग.

कारण : डिस्क उष्णतेने वाकते, हा गॅरेजांतील रूढ समज असला, तरी हबवरील गंजामुळे किंवा नट विषम आवळल्यामुळे किंचित तिरकी बसलेली डिस्क प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी पॅडला घासून तिची जाडी असमान होणे, हेच पुष्कळदा मूळ असते.

मोजमाप : डगमग डायल गेजने, जाडी मायक्रोमीटरने. डगमगीची मर्यादा साधारणतः ०.०५ ते ०.१० मिमी.

इलाज : हब स्वच्छ करून नट फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत. किमान जाडी (ती बहुधा डिस्कवरच कोरलेली असते) शिल्लक राहणार असेल तरच डिस्क लेथवर घ्यावी. एरवी जोडीने बदलावी.

ड्रम ब्रेक : जुन्या अँबॅसडर-पद्मिनीत संशय लंबगोल झालेल्या ड्रमवर.