कागदावरची माणसं जिवंत कशी होतात?

कथा-कादंबरीतली, नाटकातली माणसं प्रत्यक्षात कुणीच पाहिलेली नसतात. तरी त्यातली काही आपल्या शेजारची वाटतात आणि काही पान उलटताच विसरली जातात. असं का होतं? बंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये २००५ साली रंगमंचावर आलेलं एक नाटक याचं उत्तर देऊन जातं…

रंगमंचावर एकच बाई. टीव्हीवरचं तिचं भाषण नुकतंच संपलंय. कौतुकानं सुखावलेली ती स्टुडिओतून निघणार, एवढ्यात पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला थांबवते आणि प्रश्न विचारू लागते!

गिरीश कार्नाड यांच्या ‘ओडकलु बिंब’ या कन्नड नाटकाचा हा आरंभ. ओडकलु बिंब म्हणजे भंगलेलं प्रतिबिंब. कार्नाड आणि के. एम. चैतन्य यांनी ते बसवलं होतं आणि कन्नड प्रयोगात अरुंधती नाग या दोन्ही भूमिकांत होत्या. एक अरुंधती मंचावर जिवंत, दुसरी आधीच चित्रित करून ठेवलेली. पडद्यावरची थांबणार नाही की चुकणार नाही. सांभाळून घ्यायचं ते मंचावरच्या अरुंधतीनं!

नाटकातली बाई आहे लेखिका मंजुळा नायक. पेशानं इंग्रजीची प्राध्यापिका, लेखन मात्र कन्नडमध्ये. वर्षानुवर्षं कथा लिहिल्या, नाव बेताचंच झालं. मग एकाएकी इंग्रजीत एक कादंबरी आली आणि जगभर गाजली. कादंबरीची नायिका अपंग आहे. तिचं कमरेखालचं शरीर निकामी आहे आणि सारं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलंय. धडधाकट बाईला अशा मुलीचं मन इतकं अचूक कसं उमगलं? भाषणात मंजुळा त्याचं श्रेय आपल्या धाकट्या बहिणीला, मालिनीला देते. मालिनी अशीच अपंग होती. तिचं दुःख जवळून पाहिलं म्हणून हे लिहिता आलं, असं ती सांगते. श्रोत्यांचे डोळे पाणावावेत असंच हे भाषण!

प्रतिमा मात्र पाणावत नाही. ती एकेक साधा प्रश्न विचारत जाते आणि प्रत्येक उत्तरासरशी एक पापुद्रा सुटतो. आई-वडिलांचं सगळं लक्ष आजारी मालिनीकडे. मंजुळाला धारवाडला आजी-आजोबांकडे ठेवलेलं. मालिनी बुद्धीनं तेज, देखणी, सर्वांची लाडकी. पुढे मंजुळाचा नवराही मालिनीच्या सहवासात रमू लागतो. आणि अगदी शेवटचा पापुद्रा निघतो तेव्हा कळतं, की ती कादंबरी मंजुळाची नाहीच. ती मालिनीची. बहीण गेल्यावर मंजुळानं ती आपल्या नावावर छापली.

म्हणजे बाई चोर निघाली! पण प्रेक्षकाला तिचा राग धड येत नाही. धारवाडला एकटी वाढलेली पोर तोवर त्यानं पाहिलेली असते. बहिणीची सेवा खरी होती आणि असूयाही तितकीच खरी होती. दुसरीकडे मालिनी नुसती बिचारी नाही. कादंबरीत तिनं थोरल्या बहिणीचंही चित्र काढलंय आणि ते मुळीच गोड नाही. दोघी बहिणी अशा एकमेकींना ओळखून असतात. म्हणून त्या खऱ्या वाटतात.

अपघातातून उभं राहिलेलं नाट्यगृह

हे नाटक जिथे झालं, ते ‘रंगशंकरा’ नाट्यगृह जे. पी. नगरच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. त्याची कहाणी मराठी माणसालाही जवळची वाटावी. कन्नड पडद्यावरचे लाडके नट शंकर नाग तरुणपणी मुंबईत होते आणि मराठी रंगभूमीवर वावरले. अरुंधतीही मुंबईत ‘इप्टा’मधून घडल्या. मराठी, गुजराती, हिंदी नाटकांतून त्यांनी कामं केली. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शन मालिका शंकर नागांचीच. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं पस्तीस. त्याच अपघातात अरुंधती जबर जखमी झाल्या.

बंगळुरूत नाटकाचं हक्काचं घर हवं, हे शंकर नागांचं स्वप्न होतं. अरुंधतींनी ‘संकेत’ या न्यासामार्फत पैसा उभा केला आणि २००४च्या ऑक्टोबरमध्ये ‘रंगशंकरा’चा पडदा उघडला. जेमतेम सव्वातीनशे आसनं. वेळ झाली की दारं बंद, मग येणारा कितीही मोठा असो! एवढ्याशा नाट्यगृहात नटाच्या चेहऱ्यावरची रेषही शेवटच्या रांगेत पोहोचते. तिथे खोटं माणूस खपत नाही.

ययाती दोन, सून एक

माणसाला असे पापुद्रे देण्याची कार्नाडांची हातोटी पहिल्या नाटकापासूनची. १९६० साली, बाविसाव्या वर्षी ते ऑक्सफर्डला निघाले होते. मुलगा परदेशी चालला म्हणून घरच्यांना घोर. मुलाच्या जिवाची ओढाताण. त्या दिवसांत त्यांच्या हातून ‘ययाती’ हे नाटक उतरलं. म्हातारपण नको म्हणून मुलाचं तारुण्य मागणाऱ्या बापाची गोष्ट!

मराठी वाचकाला ययाती नवा नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ची, म्हणजे जवळजवळ त्याच सुमाराची. पुढे तिला ज्ञानपीठ मिळालं. खांडेकरांनी काय केलं? ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही आपापल्या तोंडानं बोलू दिलं. देवयानीचा अहंकार बाहेरून पाहिला तर डोक्यात जातो. तीच देवयानी ‘मी’ म्हणून बोलू लागली की दुखावलेली मुलगी दिसते.

कार्नाडांनी वेगळी वाट धरली. बापाला तारुण्य देणारा पुरू महाभारतात पितृभक्तीचा आदर्श आहे. कार्नाडांनी त्याला एक नवपरिणीत बायको दिली, चित्रलेखा. नवरा एका रात्रीत जख्ख म्हातारा झालेला पाहून ती सासऱ्यालाच जाब विचारते आणि अखेर विष घेते. एवढ्या एका पात्रानं सगळी गोष्ट पालटली. पुरूचा त्याग थोर खरा, पण त्याची किंमत कुणी मोजली? हा प्रश्न येताच पुरू पुतळ्यासारखा उभा राहू शकत नाही. तो चुका करणारा, तरुण नवरा होतो.

दौलताबादचा न झोपणारा सुलतान

वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. गाइड महंमद तुघलकाची गोष्ट सांगतो आणि मंडळी हसतात. दिल्लीहून राजधानी इथे आणणारा, तांब्याची नाणी काढणारा वेडा महंमद! ‘तुघलकी कारभार’ हा शब्दच आपण त्याच्यावरून पाडला.

१९६४ साली कार्नाडांनी ‘तुघलक’ लिहिलं ते या हसण्याच्या पलीकडे जाऊन. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं. या नाटकातला सुलतान अफाट हुशार आहे. विद्वान आहे, बुद्धिबळपटू आहे, हिंदू-मुसलमानांना सारखा न्याय मिळावा म्हणून तळमळणारा आहे. राजधानी हलवण्यामागे त्याचा विचार आहे, चांदीऐवजी तांबं वापरण्यामागेही आहे. फक्त लोक आपल्याइतक्या वेगानं का धावत नाहीत, हे त्याला कळत नाही. मग चिडून तो त्यांना फरफटत नेतो. त्याचा आदर्शवाद आणि त्याचं क्रौर्य एकाच मुळातून उगवतात.

नाटकात दौलताबादच्या किल्ल्यावरच्या रात्रीचा एक प्रसंग आहे. झोप उडालेला सुलतान तटावर फिरतोय. पहाऱ्याला विशीही न गाठलेला पोरगा. त्याच्याशी बोलता बोलता सुलतानाला स्वतःची एकविशी आठवते. त्या वयात सारं जग मुठीत आल्यासारखं वाटत होतं. बस, एवढंच. कारभाराचं एक अक्षर नाही. पण या चार वाक्यांनंतर त्याला नुसतं वेडा म्हणणं प्रेक्षकाला जड जातं.

आईनं सांगितलेली गोष्ट

एकाच माणसात दोन टोकं नांदतात, हे कार्नाड कुठे शिकले? पुस्तकातून नक्कीच नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘आडाडता आयुष्य’ २०११ साली कन्नडमध्ये आलं. उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे मराठी वाचक ते ‘खेळता खेळता आयुष्य’ म्हणून ओळखतात. त्यात त्यांनी आपल्या आईबद्दल मोकळेपणानं लिहिलंय. आई बालविधवा. परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि त्या काळात दुसरं लग्न केलं.

मुलगा नावारूपाला आल्यावर एकदा घरात बोलता बोलता आईच्या तोंडून निघून गेलं, की हा आम्हाला नकोच होता! आधीची मुलं होती, आणखी एक नको म्हणून पुण्यातल्या डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात ती गेली होती. डॉक्टर वेळेवर आल्या नाहीत. वाट पाहून ती परतली आणि पुन्हा गेली नाही. मुलाकडे अभिमानानं पाहणारी आई आणि त्याला नाकारायला निघालेली आई एकच! कार्नाडांनी राग धरला नाही. आपलं आत्मचरित्र त्यांनी त्या डॉक्टरीणबाईंनाच अर्पण केलं.

जन्मदात्या आईकडे असं पाहू शकणारा लेखक मंजुळाला नुसती चोर ठरवून कसा मोकळा होईल?

लिहिणाऱ्यांनी विचारावेत असे प्रश्न

मराठीतही हीच रीत दिसते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधली लीला बेणारे पहिल्यांदा येते ती हसत, गात, इतरांच्या टोप्या उडवत. तिचं दुःख त्या हसण्याखाली दडलेलं आहे. खोट्या खटल्याचा खेळ सुरू होतो आणि झाकण उघडतं. तिला घेरणारी मंडळी तरी कोण? न चालणारा वकील, परीक्षेत नापास झालेला, मूल नसलेलं जोडपं. प्रत्येकाचा स्वतःचा सल आहे आणि तो विसरण्यासाठी ते तिला टोचतात. राक्षस कुणीच नाही. म्हणून तर जास्त भीती वाटते.

टीव्ही मालिकांतल्या भुवया उंचावणाऱ्या खलनायिका आणि सदैव डोळे टिपणाऱ्या सुना लक्षात राहत नाहीत, त्याचं कारण हेच. त्यांच्याकडे लपवायला काही नसतं. दिसतं तेवढंच माणूस!

घरात कुणी कथा लिहीत असेल, दिवाळी अंकाला पाठवायची तयारी चालली असेल, तर नायिकेच्या साडीचा रंग ठरवण्याआधी तिच्याबद्दल काही प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. ती लोकांना काय सांगते आणि काय सांगत नाही? तिचं वागणं तिच्या स्वतःच्या मते बरोबर का आहे? तिच्या चांगुलपणाची किंमत घरात कोण मोजतंय? आणि जो माणूस तिला छळतो, त्याला रात्री झोप का लागत नाही? उत्तरं सापडली की ती माणसं आपोआप बोलू लागतात. नाही सापडली, तर अलंकारिक भाषेचा कितीही मुलामा चढवा, पुठ्ठा तो पुठ्ठाच राहतो.

गिरीश कार्नाड १० जून २०१९ रोजी बंगळुरूतच गेले. त्यांचा सुलतान मात्र अजून दौलताबादच्या तटावर जागा आहे. आणि मंजुळाला पडद्यावरची मंजुळा अजून विचारतेच आहे, बाई, हे भाषण छान झालं… पण खरं काय ते सांगा!