घरच्या संगणकावरचा सराउंड : साउंड कार्डांच्या निवडीचा मागोवा

१९८१च्या आयबीएम पीसीमध्ये आवाजासाठी एक छोटा स्पीकर होता आणि त्यातून ‘बीप’पलीकडे फारसे काही ऐकू येत नसे. संगीत हवे तर वेगळे कार्ड घेणे भागच होते. १९८७ मध्ये कॅनडातील अ‍ॅडलिबने यामाहाच्या एफएम चिपवर आधारलेले कार्ड आणले. ते सूर निर्माण करी. मात्र ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची खास सोय त्यात नव्हती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९च्या साउंड ब्लास्टरमध्ये तीच चिप ठेवून ही उणीव भरून काढली. १९९२च्या साउंड ब्लास्टर १६मुळे सीडीच्या दर्जाचा १६ बिटांचा स्टिरिओ मिळू लागला. डॉसवरचे गेम थेट कार्डाशी बोलत, त्यामुळे कार्ड ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ आहे की नाही, एवढेच पाहिले जाई.

सराउंडचा विचार घरात शिरला तो पीसीआय कार्डांच्या काळात. १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हने चार स्पीकरांची सोय आणि खोली, गुहा, बोगदा अशा जागांचा घुमारा देणारे ईएएक्स तंत्र आणले. ऑरियल या प्रतिस्पर्धी कंपनीचे ए३डी तंत्र भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचाही हिशेब करी. दोन्ही कंपन्यांचा वाद कोर्टात गेला. २००० मध्ये ऑरियलचे दिवाळे निघाले आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. त्याच सुमारास डीव्हीडीमुळे ५.१ ही मांडणी रुळली : पुढे दोन, मधोमध एक, मागे दोन आणि खर्जासाठी सबवूफर.

कार्डाच्या मागच्या पट्टीवर त्यासाठी साडेतीन मिलिमीटरचे तीन जॅक लागत. हिरवा पुढच्या स्पीकरांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी मधल्या स्पीकरचा आणि सबवूफरचा. एका जॅकमधून दोन चॅनल जात. नारिंगी जॅकमधले दोन चॅनल काही स्पीकर संचांत उलटे जोडलेले असत. मग संवाद सबवूफरमधून घुमत आणि मधला स्पीकर जवळजवळ मुका राही. ही अदलाबदल ड्रायव्हरमधून दुरुस्त करता येते का, हे कार्ड घेण्याआधी पाहण्यासारखे होते.

२००४ मध्ये इंटेलचे एचडी ऑडिओ मानक आले आणि आठ चॅनलपर्यंतचा आवाज मदरबोर्डवरच मिळू लागला. प्रोसेसरही इतके वेगवान झाले होते की आवाजाचे गणित वेगळ्या चिपवर सोपवण्याची निकड उरली नाही. क्रिएटिव्हची २००५ची एक्स-फाय चिप क्षमतेने मोठी होती; पण २००७ मध्ये घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंड या विंडोजमधील ध्वनिप्रणालीचे काम थेट कार्डाकडे सोपवण्याची वाट बंद केली. जुन्या गेममधील ईएएक्स टिकवण्यासाठी क्रिएटिव्हला ‘अल्केमी’ हे वेगळे सॉफ्टवेअर द्यावे लागले.

यानंतर निवडीचे निकष बदलले. होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल केबलने संगणक जोडला की डीव्हीडीतला संकुचित ५.१ आवाज जसाच्या तसा पोचे. गेमचा आवाज मात्र स्टिरिओच राही, कारण त्या केबलमध्ये सहा असंकुचित चॅनल मावत नाहीत. गेमचा आवाज तत्क्षणी डॉल्बी डिजिटल या संकुचित स्वरूपात बांधून पाठवणारे ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ या अडचणीवर उपाय होता. एनव्हिडियाच्या २००१च्या काही एनफोर्स मदरबोर्डांत ही सोय होती. नंतर असूसच्या झोनारसारख्या कार्डांतही ती आली. पुढे एचडीएमआयमधून आठ असंकुचित चॅनल थेट ग्राफिक्स कार्डाकडूनच जाऊ लागले, तेव्हा हा उपायही बहुतेक घरांत अनावश्यक ठरला.

आता अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय असेल तर साउंड कार्डाची गरज नसते. जॅकने जोडायचे ५.१ स्पीकर असतील तर आधी मदरबोर्डावर तिन्ही जॅक आहेत का ते पाहावे. नसतील तर तिन्ही जॅक असलेले साधे यूएसबी कार्ड पुरते. पीसीच्या आत विजेची खरखर जाणवत असेल तरीही यूएसबीवरचे बाहेरचे कार्ड उपयोगी पडते. हेडफोनवर ऐकणाऱ्यांसाठी सराउंडचा आभास सॉफ्टवेअरच घडवते, त्यामुळे तिथे चॅनलच्या संख्येपेक्षा हेडफोनच्या दर्जावर खर्च करणे फायद्याचे.